आचाऱ्यांची फाइल उघडली

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिल्या,

काकू गेल्या तेव्हा फोनवर चार शब्द बोललो, सविस्तर पत्र लिहितो म्हणालो, आणि बघता बघता आठ महिने गेले. त्याची टोचणी आहेच. पण आज लिहायला बसलोय ते दुसऱ्याच कारणानं. आपली आचाऱ्यांची फाइल उघडली! घरात सांगितलं तर सगळे नुसते "बरं" म्हणाले. तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत पोरानं माळा रिकामा केला. मी बँकेत गेलो होतो. परत येतो तर फाटकाशी भंगारवाल्याचा गाडा आणि काट्यावर आपला विंडोज एक्सपीवाला सीपीयू. आपल्या कंपोजिंगच्या दुकानात खंडेनवमीला नानांनी लावलेलं कुंकू अजून कॅबिनेटवर होतं रे. नऊ किलो भरला. पोरगा म्हणाला, "बाबा, दोनशे येतायत." मी तीनशे काढून त्या माणसाच्या हातावर ठेवले आणि कॅबिनेट उचलून घरात आणलं. पोराशी दोन दिवस बोललो नाही. ते माझं चुकलं, त्याला कुठून माहीत असणार? तो त्या वेळी पाळण्यात होता.

पोवई नाक्याजवळच्या दुरुस्तीवाल्यानं एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलला आणि बोर्डावरचा बटणासारखा सेल घातला. सेल गेल्यामुळे मशीन २००२ साल दाखवत होतं, ते मला क्षणभर खरंच वाटलं. मागे प्रिंटरच्या पोर्टला डोंगल लावला, त्या किल्लीशिवाय श्रीलिपी चालत नाही. मराठी फॉन्टांची श्रीलिपी आली, पानं मांडायचं पेजमेकर आलं, आणि 'नाना' फोल्डरमधली पहिलीच फाइल: 'निवृत्त आचाऱ्यांचा सत्कार समारंभ'. पाचशे पत्रिका आणि रात्रभर 'आचार्यांचा'च्या पट्ट्या चिकटवणारे आपण दोघं! नाना पहाटे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "स्वयंपाक्यांचा सत्कार झाला असता तर जेवण तरी चांगलं मिळालं असतं." बावीस वर्षं झाली, तरी माझं म्हणणं तेच आहे. हस्तलिखितात होतं तसं मी कंपोज केलं, पकडायचं काम प्रुफाचं होतं, आणि प्रूफ तुझ्याकडे होतं.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. मी थकलोय रे, दिल्या. कामानं थकलो नाही, रात्र रात्र आजही बसतो. दर चार-सहा वर्षांनी नव्यानं शिकाऊ व्हायचं, त्यानं थकलोय. कंपनीनं विंडोज एक्सपी सांभाळणं बंद केलं ८ एप्रिल २०१४ला, सेव्हन १४ जानेवारी २०२०ला, आणि टेन आता गेल्या महिन्यात १४ तारखेला. या तारखा मला घरच्या श्राद्धतिथींसारख्या पाठ झाल्यात. दर वेळी मशीन धडधाकट असतं. मजकूर तोच, ऑफसेटवाला तोच, सोळा पानांचा फर्मा तोच. तरी नवा कॉम्प्युटर घ्यायचा, नवीन सॉफ्टवेअरचं वर्षाला भाडं भरायचं, आणि कालपर्यंत डावीकडे असलेली आज्ञा आज कुठे ठेवलीय ते हुडकत बसायचं. रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीतल्या कळा माझ्या बोटांना डोळे मिटून सापडतात. ते शिकायला मला दोन वर्षं लागली होती आणि नानांच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या. ती कमाई कुठल्याही अपडेटच्या हिशेबात नसते.

आणि अक्षर! तुला आठवतंय, पाकळीचा ल आणि देठाचा श नसेल तर नाना पान फाडून टाकायचे. आता माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात मजकुरांत हिंदी वळणाचा ल असतो, आणि 'दऱ्याखोऱ्या' 'दर्याखोर्या' होऊन येतात. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, वाईट नाही. ऱ जोडला की दऱ्या नीट उमटतात, मी रोज करतो. पण आपल्या जुन्या फायलींचं काय? त्या फॉन्टांनी काना, मात्रा, अर्धी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. फॉन्ट नसेल तर अभंगाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर मजकूर काढून देतो, पण मांडणी मोडते, जोडाक्षरं निसटतात, आणि दोनशे पानांचं प्रूफ पहिल्यापासून वाचावं लागतं. पीडीएफ आहेत काही, पण पीडीएफ म्हणजे फोटो. बघता येतो, त्यातली चूक सुधारता येत नाही.

परवा मोजलं. एकशे चाळीस पुस्तकं आहेत त्या डिस्कवर. गावांचे इतिहास, कुळवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका, त्या माणच्या मास्तरांच्या ओव्या. बहुतेकांच्या छापील प्रतीही आता मिळायच्या नाहीत. पेजमेकर ७ आलं २००१ला, त्यानंतर नवी आवृत्ती निघालीच नाही. त्या फायली घेणारी सॉफ्टवेअरही एकेक करून ते काम सोडून देतायत. म्हणजे एवढ्या लोकांचं लिहिलेलं आज एका वीस-बावीस वर्षांच्या मशीनवर आणि अंगठ्याएवढ्या डोंगलवर उभं आहे. रात्री जाग आली की मी उठून तो डोंगल जागेवर आहे ना ते बघतो.

म्हणून ठरवलंय, नवा कॉम्प्युटर यंदा घेणार नाही. रोज दोन तास जुन्या मशीनवर बसून एकेक पुस्तक काढायचं. मास्तरांच्या ओव्यांपासून सुरुवात केलीय, अकरा पानं झाली. पोरगा शेजारी बसून कन्व्हर्टर चालवतो. काल त्यानंच एक चुकलेला रफार दाखवला.

हे पत्रही त्याच मशीनवर कंपोज केलंय. मेलनं पाठवलं असतं तर तुझ्या फोनवर खिचडी दिसली असती, म्हणून लेझरवर काढून पोस्टात टाकतोय.

बाकी ठीक. बीपीची गोळी चालू आहे, हिचा गुडघा तसाच. चिमीची परीक्षा झाली का? नव्या फ्लॅटला पाणी येतं ना? वहिनींना नमस्कार सांग.

आता मुद्द्याचं. दुकान बंद करताना नानांनी दोन डोंगलांपैकी एक तुला दिला होता. मी तेव्हा रागावलो होतो, तुला कशाला म्हणून. तो अजून असेल तर शोध. काकूंच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवला होतास, मला आठवतंय. कुरिअरनं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, दोन दिवस राहा. प्रुफं वाचायला माणूस हवाच आहे.

तुझा,
बाळ्या