मतदार ओळखपत्र पाठवा, आणि रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज जरा बदलला की मी माघार घेते. म्हणून पत्र.

ऑक्टोबरमध्ये मी नेपाळला जातेय, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचे बाजार या गावाला. तिकिटं काढून झालीत. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर बाबांनी केदारनाथचा विषय काढला असता आणि मी गप्प बसले असते. त्या विषयावर मी अजूनही गप्पच बसते.

आई, मी एव्हरेस्ट चढायला चाललेली नाही. बेस कॅम्पलाही नाही. नामचे ३४४० मीटरवर आहे, तिथूनच मागे फिरायचं. लुक्लाला विमानातून उतरून पहिला मुक्काम फाकडिंगला, ते तर लुक्लापेक्षाही खाली आहे. दुसऱ्या दिवशी दूधकोशीवरचे झुलते पूल आणि शेवटी खडी चढण. ती मी रमतगमत चढणार. वर हवा विरळ, म्हणून नामचेत तीन रात्री थांबून अंगाला सवय करायची. डोकं दुखायचं थांबलं नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर सरळ खाली उतरायचं, हट्ट करायचा नाही. (हे स्वतःलाच बजावतेय. हट्टात मी कोणावर गेलेय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.)

तिथे जाड रजया मिळतात, डाळभात मिळतो, पैसे दिले की अंघोळीला गरम पाणीसुद्धा. फोनला रेंज असते. मी उपाशी राहणार नाही.

बाबा, लहानपणी पायऱ्या चढताना मी ‘अजून किती?’ विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘ते वळण आलं की झालंच.’ धडधडीत खोटं. पण मी चढायचे.

परतीच्या वेळी लुक्लाला ढग उतरले तर विमानं उडत नाहीत, म्हणून दोन दिवस हाताशी जादा ठेवलेत. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर बातम्या लावून बसायचं नाही. बाबांनी बीपीची गोळी माझ्या फोनसाठी थांबवून ठेवायची नाही, वेळेवर घ्यायची. आई, गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत ना? खरं सांग.

आता मुख्य काम. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलाय आणि विमानाने नेपाळला जायला आधार चालत नाही. माझं मतदार ओळखपत्र आईच्या कपाटात, साड्यांखालच्या निळ्या पिशवीत आहे. ते याच आठवड्यात कुरियर करा. त्याच पाकिटात बाबांची तपकिरी कानटोपी घाला. धुऊ नका, डांबरगोळ्यांचा वास असू दे.

तुमची,
छकुली