वहीतला एक रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारपूलिंगचे दिवस संपले, आता हवी तेव्हा मोबाइलवरून गाडी मागवा, अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. आम्ही चौघांनी अकरा वर्षे एकाच गाडीतून ऑफिसला ये-जा केली. पेट्रोलच्या हिशेबाची वही माझ्याकडे असे, म्हणून हे पत्र.

आमचे कारपूल भांडणाने मोडले नाही. सकाळी ८.२० ला निघणे सगळ्यांना जमायचे. अडायचे ते संध्याकाळी. एकाची मीटिंग लांबली की बाकीचे तिघे गाडीपाशी ताटकळत. पुढे एकाची पाळी बदलली, एकीला मुलाला पाळणाघरातून वेळेत आणायचे असे, आणि वही बंद पडली. हे दुखणे ॲपने ओळखले, हे मान्यच.

पण लेखकाने दोन निरनिराळ्या रकमा एकाच खात्यात टाकल्या आहेत. आमची गाडी त्या रस्त्याने जाणारच होती. बाकी तीन घरी उभ्या राहिल्या. मोबाइलवर मागवलेली गाडी माझ्यापर्यंत रिकामी येते आणि मला उतरवून बहुधा पुढच्या प्रवाशाकडे रिकामीच जाते. आत मी एकटाच असेन, तर वाटून काय घेतले?

आयत्या वेळी अनोळखी प्रवासी जोडणारी सेवा उबरने २०१४ मध्ये काढली, ती अमेरिकेत मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबवावी लागली. कागदावर हिशेब उत्तम बसतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की न्यूयॉर्कच्या तेरा हजारांवर टॅक्सींचे ९८ टक्के काम चार आसनी ३,००० गाड्या करू शकतील आणि सरासरी तीन मिनिटेही थांबावे लागणार नाही. मात्र त्यासाठी लोकांनी शेजारी परका माणूस आणि थोडा वळसा चालवून घ्यायला हवा. मी स्वतः घाईत असलो की शेअरचा पर्याय निवडत नाही, हेही कबूल करतो.

म्हणून ॲपला कारपूलच्या जागी बसवू नये, त्याच्या मदतीला घ्यावे. अमेरिकेत काही ठिकाणी कारपूलने येणाऱ्याला अडीनडीला घरी पोचवण्याची हमी देणारी योजना आहे. चौघांनी ठरल्या वेळी निघावे. जो अडकेल त्याने गाडी मागवावी आणि भाडे चौघांत वाटावे. आमच्या वहीत त्यासाठी फक्त एक रकाना वाढवावा लागला असता.

आपला,
एक निवृत्त लेखापाल