डबा टेबलावरच राहिला

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार

प्रिय कृपा,
येशूच्या नावात सलाम.

रविवारी तू राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायला निघालीस आणि आईनं भरलेला डबा टेबलावरच राहिला. सोमवारी सकाळी त्यातल्या चपात्या मीच खाल्ल्या. कुंदा ठेवलाय, बंगळूरला जाणारं कुणी भेटलं तर पाठवतो. पोचल्याचा फोन तू आईला केलास, मला नाही. असू दे. स्टेशनवर सोडायला मी तरी कुठं आलो?

चिडून लिहीत नाही. एवढंच विचारायचंय, की तिकडं तुझ्या बाजूनं कोण आहे?

मंडळीच्या महिला मंडळात तू बायबलमधल्या फिबीवर बोललीस ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. चांगलं बोललीस. प्रेषित पौल स्वतःला आणि सहकारी अपुल्लोसला जो ग्रीक शब्द लावतो तोच तिलाही लावतो, हे पन्नास वर्षं बायबल वाचून मला माहीत नव्हतं. मराठीत आपण सेवक आणि सेविका म्हणतो, व्याकरणाची चूक काही नाही. पण देवाचा सेवक म्हटलं की आपण उठून उभे राहतो, आणि सेविका म्हटलं की कप विसळणारी डोळ्यांपुढं येते, असं तू म्हणालीस तेव्हा सगळ्या बायका हसल्या. तुझी आई हसली नाही. तिच्या हातात तेव्हा ट्रे होता.

त्याच संध्याकाळी मंडळीच्या पंचांची बैठक झाली. तुझ्या बोलण्याची तक्रार कुणी केली ते तुला माहीत आहे. मी पंच असून गप्प बसलो. घरी आल्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी बोलायचं होतं." मी उलट तुझ्यावरच ओरडलो.

तू गेल्यावर तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण काढून वाचलं. इंग्रजी जड आहे, दोनदा डिक्शनरी घ्यावी लागली. तुझ्या त्या स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या रोझमेरी रॅडफर्ड रूथर, जन्मभर कॅथॉलिक, पण १९७६ पासून पंचवीसेक वर्षं शिकवलं मेथडिस्टांच्या सेमिनरीत, म्हणजे आपल्याच माणसांत की! बाईचं पूर्ण माणूसपण जे नाकारतं ते देवाचं नव्हे, हा त्यांचा मुद्दा. आणि तेच माप त्यांनी पॅलेस्टाइनला लावलं, माती-पाण्यालाही लावलं. न्याय बाजूला ठेवून शांती मागता येत नाही, असं तू पुढं लिहिलंयस. हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला. नंतर शांतता समितीची बैठक होती, पाळकसाहेबांबरोबर मी गेलो होतो. चहा, ग्लुकोजची बिस्किटं. जो तो उठून शांतता राखा म्हणत होता, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्यातलं कुणीच त्या खोलीत नव्हतं. शांती नसता शांती शांती म्हणणारे यिर्मया संदेष्ट्याला भेटले, तसे मला त्या दिवशी भेटले. मी काय केलं? बिस्किट खाल्लं.

पण पुढच्याच पानावर वाचलं, की २००८ मध्ये एका कॅथॉलिक विद्यापीठानं रूथरबाईंना देऊ केलेलं पद परत काढून घेतलं. सत्तरी ओलांडलेली बाई! माझं वाचन तिथंच थांबलं. त्यांचं तरी जगात नाव होतं, पुस्तकं होती. तुझी नोकरी अजून कायम नाही. उद्या तुला असं कुणी केलं तर तुझ्या बाजूनं कोण उभं राहणार? प्रबंध हातात पडेपर्यंत जरा जपून बोल. लिहायचं ते लिही, पण मंडळीत बोलताना माणसं बघून बोल. मोठ्यांना आधी नमस्कार कर, मग मतभेद. आणि फेसबुकवर तर काहीच

बघ, लागलो पाठ द्यायला. तीस वर्षांची मास्तरकी, जात नाही. माफ कर.

तुझी पणजी बायबलबाई होती, हे तू त्या दिवशी सांगशील असं वाटलं होतं. येळ्ळूर, धामणे, पायी. काखेत शुभवर्तमानाच्या पुस्तिका. परसात जात्याजवळ बसून बायकांना गोष्ट सांगायची, आणि हागारची गोष्ट तिच्या विशेष आवडीची. वाळवंटात पळालेली दासी, आणि तीच देवाला नाव देते, मला पाहणारा देव. पीठ थांबायचं म्हणे, जातं फिरवायचं विसरून बायका ऐकायच्या. रविवारी देवळात मात्र आजी मागं, चटईवर. तिथं तिला कुणी दोन शब्द बोल म्हटलं नाही. तिलाही मी एकदा विचारलं होतं, एकटी जाताना भीती वाटायची नाही? म्हणाली, वाटायची की. पण दिवेलागणीला तुझे आजोबा कंदील घेऊन वेशीवर येऊन थांबायचे. आजोबांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा पंचांची बैठक आहे. तक्रारीवर निर्णय घेणार म्हणतात. फिबीचा तो ग्रीक शब्द मला नीट देवनागरीत लिहून पाठव, उच्चार चुकायला नको.

डबा धुऊन ठेवलाय. पुढच्या महिन्यात येणार असशील तर या खेपेला मला कळव, आईला नको. गाडी सकाळी येते, रिक्षावाले वाट्टेल ते सांगतात. मी येतो स्टेशनवर.

तुझा,
बाबा