मूल वाढवायला मला कुणी शिकवलं

वेलिंग्टन, न्यूझीलंड,
१२ जुलै

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जवळ ना आई ना सासूबाई, मग ओवीचं सगळं तुला शिकवलं कुणी?" दादाच्या हाकेत तो विषय तिथंच राहिला. तुम्ही स्वतः अंगणवाडी चालवता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे सुईण घरी येते. ती रीतसर शिकलेली असते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. नंतर बाळ प्लंकेट या बाळांच्या आरोग्याच्या संस्थेतल्या नर्सकडे जातं. ही संस्था १९०७ साली डुनेडिनला ट्रूबी किंग नावाच्या डॉक्टरांनी सुरू केली. त्यांचा काटेकोर दंडक होता, चार-चार तासांनीच पाजायचं. आता तसं काही राहिलेलं नाही. नर्स वजन-उंची घेते, पण निम्मा वेळ आईशीच बोलते. झोप होते का, घरात कुणी मदतीला आहे का, मन उदास राहतं का, हे सगळं विचारते. रात्री-अपरात्री फोन केला तरी उचलायला नर्स असते, तोही फुकट. पहिल्या महिन्यांत मला त्या फोनचा फार आधार वाटला.

ओवीला वेगळ्या पाळण्यात झोपवायचं म्हटल्यावर आईचा जीव खालीवर झाला होता, आठवतं? ते नर्सला सांगितलं, तर ती रागावली नाही. तिनं वाहाकुराची माहिती दिली. ही हराकेके नावाच्या इथल्या झाडाच्या पातींची विणलेली टोपली. आईबापांच्या अंथरुणातच ठेवायची आणि बाळाला तिच्यात उताणं निजवायचं. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या घरांत आईजवळ झोपायची जुनी रीत आहे, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. 'जवळ घेऊ नका' असं नुसतं सांगून कुणी ऐकत नव्हतं. मग २००६ च्या सुमारास माओरी विणकर आणि आरोग्याची माणसं यांनी मिळून ही टोपली पुढं आणली. घरची रीत मोडली नाही आणि बाळही सुरक्षित राहिलं. पालकांना शिकवायचं ते असं, असं मला मनापासून वाटतं.

पण तुम्हाला खरं सांगायचं आहे ते प्लेसेंटर नावाच्या लहान मुलांच्या खेळकेंद्राबद्दल. १९४१ साली याच वेलिंग्टनमध्ये ते सुरू झालं. पुरुष लढाईवर गेलेले, बायका लहान मुलांसह घरात एकट्या. त्यांनी एकत्र येऊन आळीपाळीनं एकमेकींची मुलं सांभाळली, म्हणजे बाकीच्यांना थोडा मोकळा वेळ मिळे. आज देशभर ही केंद्रं आहेत आणि पालकच ती चालवतात. वाळू, पाणी, कणकेसारखा लगदा, रंग, सगळं आपणच मांडायचं आणि आपणच आवरायचं. सुतारकामाच्या कोपऱ्यात खरी हातोडी आणि खरे खिळे असतात! मला आधी धडकी भरायची. पण तीन वर्षांचं पोर, शेजारी मोठं माणूस उभं असलं की, किती जपून खिळा ठोकतं ते बघायला हवं.

शिवाय पालकांसाठी वर्ग असतात. त्यात उपदेश फारसा नसतो. मूल काय करतंय ते न बोलता थोडा वेळ बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. 'हट्टी आहे' असं लिहायचं नाही. 'झाकण पुन्हा पुन्हा उघडून बंद केलं' असं लिहायचं. या एका सवयीनं ओवीकडे बघायची माझी नजर बदलली. ती डबे उपसते तेव्हा आता मी लगेच ओरडत नाही. केंद्रात यांचीही पाळी असते. परवा एका सामोअन आजोबांबरोबर बसून यांनी दहा-बारा पोरांना चिखलात धरण बांधू दिलं. घरी आले ते गुडघ्यापर्यंत माखून, पण रात्रभर तेच सांगत होते.

सगळ्यांना हे जमतं असं मात्र नाही. दोघंही नोकरीला जाणारे दिवसाढवळ्या येणार कसे? म्हणून प्लेसेंटरमधल्या मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत घटली आहे. आपल्याकडे तर कांद्याच्या लागणीला बायका सकाळी आठला रानात. त्यांना 'रोज येऊन बसा' म्हणणं अन्यायच होईल. आणि तुमच्यामागं वजनं, आहाराचं वाटप, मोबाइलवरच्या नोंदी, गृहभेटी आधीच किती!

तरी वाटतं, हे आपल्याला परकं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढं कोसबाडला गेल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. काड्या, बिया, शंख-शिंपले ही तिथली खेळणी. मुलाच्या घरापासून सुरुवात करणं आपल्याकडे तेव्हापासून आहे.

म्हणून एक सुचवते. पुढच्या पालक मेळाव्यात तुम्ही कमी बोला आणि पालकांना काम द्या. दोरखंड वळणारे ते म्हातारेबाबा आहेत ना, त्यांना मुलांसमोर बसवा. एखाद्या आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणू द्या. बापांना आवर्जून बोलवा, लागण उरकल्यावर, संध्याकाळी. आणि आलेल्या प्रत्येकाला सांगा, आपल्या मुलाकडे थोडा वेळ नुसतं बघा आणि काय दिसलं ते एका वाक्यात सांगा. लिहिता येत नसलं तरी सांगता येतं. ती वाक्यं तुमच्या मदतनीस ताई लिहून घेतील.

केलंत तर कोण कोण आलं, काय बोललं, सगळं कळवा. इथल्या पालकांना मला ते सांगायचं आहे. ओवीचे वाळूतले फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत. आईच्या गुडघ्याचं औषध संपायच्या आत आणायला दादाला सांगा.

तुमची,
मनू