वर चढणारी हवा आणि नवशिके वैमानिक

महोदय,

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडलेल्या विमानतळांत जळगावचा समावेश होता, याचा खानदेशवासीय म्हणून आनंदच आहे. मात्र येथील उन्हाळी हवेची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत नांगरलेली काळी जमीन तापते आणि तिच्यावरून उष्ण हवेचे जोरदार झोत वर उठतात, तर शेजारच्याच ओलिताच्या केळीबागेवर ते बरेच मंद असतात. त्यामुळे कमी उंचीवरून उडणारे लहान विमान क्षणात उचलले जाते आणि क्षणात खाली बसते.

अशा झोतात शिरताना पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन अचानक वाढतो. विमानाचा वेग आधीच कमी असेल, तर पंखांची उचल कोसळण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो. उंचीमापक भराभर चढतो, वेगदर्शकाचा काटा थरथरतो आणि चढ-उताराचा दर दाखवणारे साधे यंत्र हवेच्या दाबातील बदलावर चालत असल्याने काही सेकंद मागे राहते. या मागे राहणाऱ्या यंत्राच्या काट्याच्या मागे लागून विमानाचे नाक खाली दाबले, तर वेग वाढतो आणि झोताबाहेर पडताच विमान हवी त्याहून अधिक उंची गमावते. म्हणून क्षितिजाशी असलेली विमानाची स्थिती स्थिर राखावी, वेग विमानाच्या पुस्तिकेतील मर्यादेत ठेवावा आणि उंचीतील थोडाफार फरक सोसावा, हेच योग्य.

उन्हाळ्यात नवशिक्यांची उड्डाणे सकाळी लवकर आटोपावीत, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, चोपडा