पाच मिळाले, त्याची गोष्ट

ड्रेस्डेन
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना जमला का? शाळेत पत्रलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून तुम्ही तो माझ्याकडून दहा वेळा गिरवून घेतला होता. खरं पत्र लिहायची वेळ मात्र आत्ता, पंचविशी ओलांडल्यावर आली.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. कॉलवर मला खोटं बोलायची सवय लागलीय, म्हणून. तुमचे चेहरे दिसले की तोंडातून आपोआप ‘सगळं मस्त’ निघतं. आज रविवार, इथं किराणा दुकानंसुद्धा बंद असतात, बाहेर जायचं काही निमित्त नाही. सव्वाचारला अंधार पडतो. त्याच्या आत लिहून संपवते.

तर पाचाची गोष्ट. मार्च २०२४ मध्ये मी सांगितलं होतं की जलविज्ञानाच्या पेपरात पाच मिळाले. बाबा, तुम्ही विचारलंत, “पाचपैकी पाच?” मी म्हटलं, “हं.” आईनं देवापुढे साखर ठेवली आणि लगेच विश्रामबागच्या मावशीला फोन लावला. पाच खरंच मिळाले होते. पण जर्मनीत गुण उलटे चालतात. एक म्हणजे उत्तम, चारपर्यंत पास आणि पाच म्हणजे नापास. तेव्हा ती साखर नापास झाल्याची होती.

कुठल्या तोंडानं सांगणार होते? व्हिसासाठी ब्लॉक खात्यात ११,२०८ युरो भरावे लागले. म्हणजे दहा लाख. त्यात कर्ज किती आणि बाबांच्या ग्रॅच्युइटीचे किती, हे मला पाठ होतं. त्यातले दर महिन्याला ९३४ युरो माझ्या हातात सुटायचे. पैसे आल्याचा मेसेज आला की तुम्ही डेपोतून पगार घेऊन घरी आल्यासारखं वाटायचं. आणि मी तो पगार खाऊन नापास.

चार दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. शेजारच्या खोलीतली व्हिएतनामची मुलगी सूपचा वाडगा घेऊन आली. तिला सांगितलं तर म्हणाली, “एकच? माझे दोन गेलेत.” आणि सूप गार होईल म्हणाली. एवढंच. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ‘मी नापास झाले’ असं सांगितलं होतं, आणि समोरच्या माणसाला सूपची काळजी!

इथं प्रोफेसरांची भेटायची वेळ ठरलेली असते, आठवड्यातून तासभर. मेल करून नंबर लावायचा. तो मेल मी अकरा दिवस ड्राफ्टमध्ये ठेवला. तिसऱ्यांदा नापास झालं तर तो अभ्यासक्रमच संपतो, ही भीती होती म्हणून शेवटी पाठवला. शौर्य वगैरे काही नव्हतं. आत गेले आणि वाक्य घोकलं होतं तसं म्हणून टाकलं, “मला दुसऱ्या आठवड्यापासून काहीच समजलेलं नाही.” आपल्याकडे हे वाक्य मी एकाही सरांपुढे उच्चारलं नव्हतं. आपल्याकडे समजलं नाही तरी मान हलवायची, आणि परीक्षेआधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या.

ते रागावले नाहीत की त्यांनी धीरही दिला नाही. माझा पेपर काढला. पुराची लाट नदीतून खाली सरकताना तिची उंची का कमी होते, असा प्रश्न होता. मी पानभर समीकरणं लिहिली होती. ‘का’ याचं उत्तर कुठेच नव्हतं. त्यांनी विचारलं, “तुमच्या गावाला नदी आहे?”

बाबा, हसू नका. सांगलीच्या माणसाला विचारतात, नदी आहे का!

मी त्यांच्याकडून कागद घेतला आणि कृष्णा काढली. कराडला कोयना, हरिपूरला वारणा, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. आयर्विन पूल काढला, ४५ फुटांवर धोक्याची रेघ मारली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेही लिहिलं. गावभागातल्या आपल्या घरात पाणी कसं आलं ते सांगितलं. धावत नाही आलं, गटारातून उलटं वर आलं, आधी अंगणात, मग उंबऱ्याला. आणि उतरायला किती दिवस लावले. बोलता बोलता माझं मलाच कळलं. पाणी आजूबाजूच्या शेतांत, गल्ल्यांत पसरतं, तिथं थांबून राहतं, आणि म्हणून खाली जाणारी लाट बुटकी होते. तिची उंची कमी करायला आपलं घरसुद्धा कामी आलं होतं! ते समीकरण म्हणजे आपल्या अंगणात किती पाणी किती दिवस थांबलं याचाच हिशेब होता.

मग त्यांनी मला ड्रेस्डेनचं सांगितलं. इथून एल्बे वाहते. २००२ च्या ऑगस्टमध्ये ती ९ मीटर ४० सेंटिमीटरवर गेली, एरवी दोनेक मीटर असते. पण मला आवडली ती तिच्या छोट्या उपनदीची गोष्ट. वायसरिट्झ तिचं नाव. शहर वाढवायचं म्हणून १८९३ मध्ये तिला वळवून दुसरीकडून नेलं होतं. २००२ मध्ये ती शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या पात्रात परत शिरली आणि मुख्य रेल्वे स्टेशनात घुसली. मी रोज त्या स्टेशनावरून जाते. आजी म्हणायची ना, नदी आपली वाट विसरत नाही. तिला पीएचडी द्यायला हवी होती.

उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा दिली. २.७ मिळाले. या वेळी खरंच साखर ठेवायला हरकत नाही.

आता दुसरं. लायब्ररीत काम करते म्हणून सांगितलं होतं, ते मी इथल्या नॉयश्टाट भागातल्या एका हॉटेलात करत होते. भांडी घासायचं. ताटल्या मशीनमध्ये जातात, मोठे टोप आणि तवे हातानं. तासाला १२ युरो ४१ सेंट. आई, तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं, आणि मग एका रात्री तवा घासताना तूच आठवलीस. एसटीचा संप लांबला होता, बाबांचा पगार बंद, तेव्हा तू पहाटे चारला उठून खाणावळीला भाकऱ्या थापून द्यायचीस आणि मावशीला सांगायचीस, हल्ली झोपच लागत नाही गं. खोटं बोलण्याची ही पद्धत मी कुणाकडून उचलली ते तुला कळलं असेल.

इथला एल्बेवरचा कॅरोला पूल पडला ती बातमी तू टीव्हीवर पाहिलीस, सप्टेंबर २०२४ ची. मी म्हणाले होते, मी त्या बाजूला जातच नाही. पूल पहाटे तीनच्या सुमारास पडला. आदल्या रात्री अकराला मी काम संपवून तीन नंबरच्या ट्रॅमनं त्याच्यावरूनच घरी आले होते. कुणालाही इजा झाली नाही. पण हे तुला आज सांगते आहे.

आणि आता तुमची पाळी.

या जानेवारीत तुम्ही दोघं मिरजेला लग्नाला गेला होतात. तीन दिवसांचं लग्न. कॉलवर आईनं फोन असा धरला होता की मला फक्त पंखा दिसत होता, आणि मागे हिरवा पडदा. कुठल्या मंगल कार्यालयात हिरवे पडदे रुळावर सरकतात? बाबांच्या मनगटाला पट्टी होती, ती त्यांनी घड्याळ बघायच्या निमित्तानं झाकली, आणि त्या हातात घड्याळ नव्हतंच. अँजिओप्लास्टी झाल्याचं मला दादानं मार्चमध्ये सांगितलं. तिच्या अभ्यासात व्यत्यय नको, असं तुमचं ठरलं होतं म्हणे. मी खूप रडले. मग रागावले. मग लक्षात आलं, मला रागवायला जागाच नाही.

बाबा, तुम्ही कंडक्टर असताना घरी येऊन सांगायचात, वेबिल आणि रोकड जुळली नाही तर खिशातून भरावं लागतं, म्हणून रोजच्या रोज जुळवायचं. आपल्या घराचं दोन वर्षांचं जुळवायचं राहिलंय. माझ्या बाजूची शेवटची नोंद ही: तो पेपर गेल्यामुळे मागचं सगळं सरकलं आणि प्रबंध एक सेमिस्टर पुढे गेला. मी डिसेंबरात येत नाही. मार्चअखेर जमा करीन, त्यानंतर येईन. बँकेच्या हप्त्यांचं मी स्वतः मॅनेजरसाहेबांशी फोनवर बोलले आहे, तुम्ही जाऊन उभं राहायची गरज नाही. सध्याचा खर्च कामातून निघतो. काम आता भांड्यांचं नाही, विद्यापीठातच आहे, पावसाच्या नोंदी तपासायचं. हे खरं आहे, हवं तर शेजारचीला विचारा, पण ती मराठीत सांगणार नाही.

अंधार पडला. दिवा लावला.

आई, दिवाळीचा चिवडा पोहोचला, अजून मूठभर शिल्लक आहे. शेंगदाणे ती व्हिएतनामची निवडून खाते.

बाबा, शुगरचा आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पाठवा. मागच्या वेळी फोटोत खालचा अर्धा भाग कापला होता, तसा नको. अख्खं पान, तारखेसकट.

तुमची,
छकुली