कंत्राट नवे, कारभार जुना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बांधकाम प्रकल्प रखडला की बोट कंत्राटदाराकडे जाते. आराखडा आणि बांधकाम दोन्ही कंत्राटदाराकडेच असणाऱ्या डिझाइन-बिल्ड किंवा ईपीसी पद्धतीच्या कामांत मात्र विलंबाचे मूळ अनेकदा मालक संस्थेच्याच टेबलावर सापडते. निविदा नव्या नमुन्यात निघते. मंजुऱ्या, मोजमापे आणि लेखापरीक्षण मात्र आयटम-रेटच्या, म्हणजे प्रत्येक बाब मोजून ठरल्या दराने पैसे देण्याच्या, जुन्या शिरस्त्यानेच चालते.

आराखड्यांचेच पाहा. आयटम-रेट कामात आराखडा मालकाचा, त्यामुळे त्याच्या अभियंत्याने लाल पेन चालवणे रास्त. डिझाइन-बिल्डमध्ये ती जबाबदारी कंत्राटदाराची. तिथे ‘तुळईची खोली ६०० ऐवजी ७५० मि.मी. करा’ असा शेरा मारला, की वाढीव खर्चाच्या दाव्याला आयता कागद मिळतो. पुढे तडा गेला तर जबाबदारीचाही वाद. शेरा एवढाच हवा : ‘डिफ्लेक्शन (भाराखाली तुळईचे वाकणे) अमुक कलमातील मर्यादेबाहेर जाते, तपासून पुन्हा सादर करा.’ फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ‘यलो बुक’ या डिझाइन-बिल्डच्या नमुना कंत्राटामध्ये अशा तपासणीला, कंत्राटात वेगळे म्हटले नसेल तर, २१ दिवस मिळतात. चार टेबलांवरून फिरणारी फाइल तेवढ्यात परत येत नाही. म्हणून अंतिम सही कोणाची आणि तो रजेवर असताना कोणाची, हे निविदेपूर्वीच लेखी ठरायला हवे.

देयकांची गंमत वेगळीच. ‘सर्व पाइल कॅप (पायातील खांबांवरचे काँक्रीटचे ठोकळे) पूर्ण’ असा पैसे देण्याचा एकच टप्पा ठेवला आणि ४० पैकी एका कॅपखाली जलवाहिनी निघाली, तर ३९ कॅपचे पैसे अडकतात. टप्पे भागवार पाडावेत, आणि ‘पूर्ण’ म्हणजे काँक्रीट ओतले की काँक्रीटच्या ताकदीचा २८ दिवसांचा क्यूब चाचणी अहवाल आला, तेही लिहावे.

लेखापरीक्षकांना सगळ्यात शेवटी सांगितले जाते, आणि तिथेच घोडे पेंड खाते. अशा एकरकमी, म्हणजे एकूण रक्कम आधीच ठरलेल्या, कामात कंत्राटदाराने कंत्राटातील निकष पाळून स्टील वाचवले तर ती बचत त्याची. लेखापरीक्षक मात्र प्रत्यक्षात किती स्टील लागले, तेच विचारतो. आक्षेपाच्या धास्तीने अभियंते समांतर मोजमाप पुस्तिका भरू लागतात, म्हणजे काम दुप्पट. देयकाला पुरावा म्हणून कोणते कागद चालतील, हे लेखा विभागाशी आधीच ठरवून त्याची सही घ्यावी.

विरोध होतो तो बहुधा कनिष्ठ अभियंत्यांकडून, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यांचे वजन मोजमाप पुस्तिकेत होते. ती गेली, बदल्यात काही मिळाले नाही. त्यांना होल्ड पॉइंटचे अधिकार द्या : सळया तपासून सही होईपर्यंत काँक्रीट नाही. दोन दिवसांच्या व्याख्यानांपेक्षा जुन्या प्रकल्पाचे आराखडे पुढ्यात ठेवून शेरे लिहिण्याचा सराव अधिक उपयोगी.

पहिल्या प्रयोगासाठी सर्वांत मोठे किंवा उद्घाटनाची तारीख ठरलेले काम निवडू नये. जमीन पूर्ण ताब्यात असलेले आणि भूमिगत वाहिन्यांचे सर्वेक्षण झालेले मध्यम आकाराचे काम घ्यावे, म्हणजे नव्या पद्धतीचे दोष आणि जागेच्या अडचणी वेगळ्या ओळखता येतील.

आपले,
प्रकल्प व्यवस्थापनातील काही अभियंते